लांब पल्ल्याची सायकल: शरीर काय मागतं?

आधी एक हिशेब करू. समजा, शिरूरमध्ये राहणारा एखादा दादा सायकलवरून बारा किलोमीटरवरच्या कंपनीत कामाला जातो. जाऊन-येऊन रोज चोवीस किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ६२४ किलोमीटर, वर्षाचे जवळजवळ साडेसात हजार, आणि चार वर्षांचे २९,९५२.

आता दुसरा आकडा बघा. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली असं गिनीजच्या नियमाने मान्य व्हायचं तर किमान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवावी लागते. आपला दादा दर चार वर्षांनी एवढं अंतर कापतो. त्याचा सत्कार होत नाही ते एक वेळ सोडून देऊ. पण सीट किती उंच असावी, पाणी कधी प्यावं, गुडघा का दुखतो, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जंगलातून, बर्फातून हजारो किलोमीटर सायकल मारणाऱ्यांनी शरीराबद्दल जे शिकून ठेवलंय, ते आपल्या वस्तीत रोज लागणारं ज्ञान आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर सायकल.

पुण्याची मुलगी आणि पृथ्वीची फेरी

पुण्याची वेदांगी कुलकर्णी जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली. तेव्हा ती इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, आइसलंड, युरोपातले देश, फिनलंड, रशिया असे देश पार करून ती शेवटच्या टप्प्यासाठी भारतात आली. २३ डिसेंबर २०१८ रोजी सकाळी कोलकात्यात तिचे २९,००० किलोमीटर पूर्ण झाले. लागले १५९ दिवस. काही दिवस तीनशे किलोमीटरपर्यंत सायकल चालवलेली, आणि बराचसा प्रवास एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. रशियात बर्फात एकटीने तंबू ठोकून रात्री काढल्या. थंडी उणे वीसपर्यंत, ऊन सदतीस अंशांपर्यंत. आणि तेव्हा वय जेमतेम वीस.

ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. १९२३ साली मुंबईहून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले आणि १९२८ साली परत आले. वाळवंटं ओलांडली, डोंगर ओलांडले; तेव्हा मोबाइल नव्हते.

अलीकडची नावंही महाराष्ट्रातलीच. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ मध्ये एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. पुढच्या वर्षी ते रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक नऊ हजारांहून अधिक किलोमीटर गेले.

या तिघांच्या नावापुढे ‘डॉक्टर’ आहे. त्यांना शरीर कळतं. शिवाय अशा शर्यतीत स्पर्धकामागे गाडी असते. गाडीत खाणं, पाणी, मलम, सुटे टायर आणि ‘आता थांब, झोप’ असं सांगणारी माणसं. रात्रपाळी करून पुणे–नगर रस्त्याने नाहीतर कुरकुंभहून दौंडकडे परतणाऱ्या आपल्या माणसामागे अशी गाडी नाही. ती गाडी त्याच्या घरच्यांनी व्हायचं आहे, आणि त्यासाठी पुढची माहिती घरातल्या सगळ्यांनी वाचावी.

सीटची उंची आणि गुडघा

मी दवाखान्यात काम करत असताना गुडघेदुखीचे कितीतरी कामगार येत. गोळी मागत, गोळी घेऊन जात, महिन्याने परत येत. त्यांतल्या अनेकांच्या सायकलीची सीट खाली दाबलेली असे. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, म्हणजे पडायची भीती नाही, एवढंच त्यामागचं कारण. पण सीट फार खाली असली की प्रत्येक पायडलला गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागे दाब पडतो. हे रोज हजारो वेळा होतं.

उंची घरीच ठरवता येते. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग सायकल चालवताना पायडलवर टाच नको, चवडा ठेवा; गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहील. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या बाजूला दुखत असेल, किंवा पायडल मारताना कंबर डावी-उजवी हलत असेल, तर सीट फार वर आहे. एकदम बदल करू नका. बोटभर वर करा, आठवडाभर चालवा, मग बघा.

लांब पल्ल्याच्या स्वारांची दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या. हँडलवर तळहात दाबून धरला की तिथली नस दबते. हाताची जागा दर दहा-पंधरा मिनिटांनी बदला, कोपर ताठ ठेवू नका, हँडलवर जुन्या ट्यूबची पट्टी किंवा जाड कापड गुंडाळा. मुंग्या सायकलवरून उतरल्यावरही दिवसभर राहत असतील किंवा हातातून वस्तू सुटत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पाणी, मीठ आणि डबा

शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, हा लांब पल्ल्याचा पहिला धडा. उन्हात दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. लघवीचा रंग बघा. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

पण तासन् तास घाम गाळून नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. म्हणून लांब पल्ल्याला मीठ-साखरेचं पाणी हवं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नका, जास्त मीठ घातक आहे. रक्तदाब, किडनी किंवा मधुमेहाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

खाण्याचं म्हणाल तर मोठ्या शर्यतीतले स्वार दर तासाला थोडं थोडं खातात. शहरात त्यासाठी महागडी पाकिटं विकायला आहेत. आपल्याकडे केळं आहे, गूळ-शेंगदाणे आहेत, खजूर आहे. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम पिठूळ-साखर असते; तासभराच्या वाटेला तेवढं पुष्कळ. भाकरी, उसळ, उकडलेलं अंडं हे कामावर पोचल्यावर किंवा निघण्याआधी तास-दोन तास. उपाशीपोटी चहा-तंबाखूवर सायकल हाणायची सवय वस्तीत फार आहे. तंबाखूने भूक मरते, ताकद येत नाही, आणि हृदयाचे ठोके मात्र वाढतात.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी लांब जाऊ नये. खिशात साखरेची पुडी किंवा चार गोळ्या-बिस्किटं ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच उतरा आणि साखर खा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप असं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. रस्त्याच्या कडेला बसा आणि १०८ ला फोन लावा.

बोलायला लाज वाटते ते दुखणं

सीटवर घासून जांघेत, मांडीत पुरळ येतं, फोड येतात. जगभरच्या लांब पल्ल्याच्या स्वारांना हाच त्रास सगळ्यात जास्त छळतो. पुष्कळांनी त्यापायी शर्यत सोडलेली आहे. उपाय साधे आहेत. ओली, घामट अंतर्वस्त्रं घालून बसू नका. कामावर पोचलात की पुसून कोरडं करा, शक्य तर बदला. सुती, जाड शिवण नसलेली घाला. घासणाऱ्या जागी निघण्याआधी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचा हात लावा.

गोल, खाजरा चट्टा उठला तर ते बहुधा गजकर्ण. अशा वेळी मेडिकलमधून ‘खाजेचं मलम’ आणून चोपडतात. यांतल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग चट्टा दुप्पट पसरतो आणि साध्या औषधाला दाद देत नाही. सरकारी दवाखान्यात दाखवून औषध घ्या, सांगितलेले दिवस पुरे करा. फोड लाल होऊन ठणकत असेल, ताप आला असेल, तर थांबू नका.

मुलींची सायकल

सातवी-आठवीपर्यंत मुलगी सायकलवर शाळेत जाते. पाळी आली की घरातली मोठी माणसं सायकल बंद करतात. धाकट्या भावाला देतात नाहीतर भंगारात घालतात. शाळा चार-पाच किलोमीटरवर असली, एसटीची वेळ जुळत नसली, की हळूहळू शाळाही बंद होते.

मी परिचारिका म्हणून स्पष्ट सांगते. सायकल चालवून गर्भाशय सरकत नाही. पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. पाळीच्या दिवसांत झेपत असेल तर सायकल खुशाल चालवावी. हलक्या व्यायामाने कित्येकींची पोटदुखी कमीच होते. आणि ‘पडदा फाटतो’ ही जी भीती घातली जाते, तिच्याबद्दल: तो पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, काहींचा जन्मतःच नावापुरता असतो. त्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं सांगून ती बंद करण्याचं आवाहन केलेलं आहे. या भीतीपायी मुलीची सायकल काढून घेणं म्हणजे तिचे पाय बांधणं.

मुलींना खरा धोका दुसराच आहे, तो म्हणजे रक्त कमी असण्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. चढाला लगेच धाप लागणं, पाय गळून जाणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं या खुणा असतील तर हिमोग्लोबिन तपासा. बाईचं बारापेक्षा कमी आणि पुरुषाचं तेरापेक्षा कमी म्हणजे उपचार हवा. तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरता मोहिमेत बायकांना वाचण्या-लिहिण्याबरोबर सायकल शिकवली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला पाठबळ दिलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा लाखभर बायका सायकल शिकल्या. टोमणे बसले, तरी त्या शिकल्या. बाजारहाट, पाणी, दवाखाना, मुलांची शाळा यांसाठी त्यांना कुणाची वाट बघावी लागेना. पुदुकोट्टईचं ऊन आपल्या दौंडपेक्षा काही कमी नाही.

रात्रीचा रस्ता, ऊस आणि बिबट्या

गाळप हंगामात शिरूर–न्हावरे–चौफुला रस्त्यावर, पाटसच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर धावतात आणि कडेला उभ्याही राहतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. सायकलवाल्याला ट्रॉली दिसत नाही आणि ट्रकवाल्याला सायकलवाला दिसत नाही. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, पायडलला पिवळे, पुढे पांढरा दिवा आणि मागे लुकलुकणारा लाल दिवा एवढं असलंच पाहिजे. कपडे फिकट रंगाचे. कायदा सायकलवाल्याला हेल्मेट सक्तीचं करत नाही, पण डोक्याचा मार वाचतो तो हेल्मेटनेच. कानात इअरफोन नको, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज हाच तुमचा आरसा.

वेदांगीच्या वाटेवर अस्वल होतं, आपल्या वाटेवर बिबट्या आहे. शिरूर तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. पहाटे आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नका. दोघं-तिघं मिळून, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जा. वाटेत उसाच्या कडेला वाकून किंवा खाली बसून साखळी बसवत राहू नका. बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. समोर आलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका. ताठ उभे राहा, सायकल मध्ये धरा, आरडाओरडा करत हळूहळू मागे सरका. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

झोपेचंही तसंच. लांब पल्ल्याचे स्वार डोळा लागायला लागला की रस्त्याकडेच्या बाकावर नाहीतर पेट्रोल पंपावर वीस मिनिटं आडवे होतात आणि मग निघतात. यात कमीपणा मानत नाहीत. रात्रपाळी सुटल्यावर डुलकी येत असेल तर कंपनीतच वीस मिनिटं पडा. घरच्यांनीही ‘उशीर का झाला’ म्हणून अंगावर जाऊ नये.

फिनलंडच्या जंगलातला नियम

वेदांगीने ओलांडलेल्या देशांत फिनलंड आहे. त्या देशाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगल आणि सुमारे एक लाख ८८ हजार तळी. उत्तरेकडे डिसेंबरात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. तिथे लोक दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून, दगडधोंड्यांतून दिवसेंदिवस सायकली नेतात. रोवानिएमी या गावी तर भर हिवाळ्यात बर्फावरून १५० आणि ३०० किलोमीटरची शर्यत होते, जाड टायरच्या सायकलींवर.

त्या थंडीतला धडा असा, की थंडीपेक्षा ओले कपडे जास्त घातक. एक जाड स्वेटर घालून घामाघूम होण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत आणि गरम वाटलं की एक उतरवावा. पूर्वीचे युरोपातले शर्यतपटू घाट उतरताना छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालत, वारा अडतो. पौषातल्या पहाटे पहिल्या पाळीला निघणाऱ्यांनी हे करून बघावं, फुकटचं आहे.

मला त्या देशातल्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तिथे कुणाच्याही मालकीच्या रानातून चालायला, सायकल न्यायला, रानफळं तोडायला परवानगी लागत नाही. अंगण आणि उभं पीक सोडून वाट सगळ्यांची. वाटेवर, पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन सांगावं लागलं, त्या आपल्या समाजाला या नियमाची किंमत वेगळी समजवायला नको.

दुसरी गोष्ट तिथल्या जंगलातल्या झोपड्यांची. त्यांना ‘औतिओतुपा’ म्हणतात. कुलूप नाही, भाडं नाही. आत चूल आणि लाकडं. नियम असा, की जो सगळ्यात उशिरा आला त्याचा जागेवर पहिला हक्क. आधी आलेल्यांचं अंग शेकून झालेलं असतं, त्यांनी सरकून जागा करायची. आणि निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. रात्री एक वाजता दमून घरी आलेल्या माणसासाठी झाकून ठेवलेलं जेवण आणि अंघोळीचं गरम पाणी हा तसाच नियम आहे. फक्त तो घरातल्या एकट्या बाईवर पडू नये. उलट पाळीला तीच कामावरून येते, तेव्हा तिच्यासाठीही कुणीतरी सरकलं पाहिजे.

येत्या रविवारी

प्रौढ माणसाला आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम हवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज सायकलवर कामाला जाणाऱ्याची ती केव्हाच भरतात. ज्यांची भरत नाहीत त्यांनी पाच किलोमीटरपासून सुरुवात करावी आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवावं.

रविवारी विहाराच्या अंगणात वस्तीतल्या सगळ्या सायकली आणा. एक पंप, एक पाना, तेलाची बाटली आणि लाल रिफ्लेक्टरच्या पट्टीचं एक बंडल पुरे. पट्टी वर्गणीतून आणता येते. प्रत्येकाची सीट मापून लावा, ब्रेक आवळा, मागे पट्टी चिकटवा. आशाताईंना बोलवा, रक्तदाब मोजून घ्या, आणि ज्यांना धाप लागते त्यांची नावं हिमोग्लोबिनच्या तपासणीसाठी लिहून घ्या.

आणि दुपारी अंगण मोकळं झालं की ज्या बायकांना सायकल येत नाही त्यांना शिकवा. सीट खाली करा, पायडल काढून ठेवा, आणि आधी नुसते पाय मारत तोल सांभाळायला लावा. तोल जमला की पायडल बसवा, आणि मग सीट हळूहळू वर करा.